'डॉन किहोते' आणि गाळलेली तीन प्रकरणं

स्पॅनिशच्या डिप्लोमाला 'डॉन किहोते'वर निबंध होता. स्वतःला शूर सरदार समजून मोहिमांवर निघणाऱ्या माणसाची ही सर्व्हांतेसची कादंबरी. पहिल्या भागातल्या 33 ते 35 या प्रकरणांतली गोष्ट कादंबरीत कशासाठी आहे, असा प्रश्न. ग्रंथालयातून आणलेल्या प्रतीत ती गोष्टच नव्हती! प्रत संक्षिप्त आहे हे कव्हरवर कुठेही छापलेलं नाही. पवनचक्क्या होत्या, मेंढ्या होत्या, ही गोष्ट तेवढी उडवलेली. याचा राग अजून गेलेला नाही. पुस्तक हातात आलं की आधी प्रकरणं मोजा: पहिल्या भागात (1605) 52, दुसऱ्यात (1615) 74.

पूर्ण प्रत मिळाल्यावरही दोन आठवडे तिथेच अडकले. वाटेवरच्या एका सराईमध्ये उतरलेला पाद्री एका हस्तलिखितातून ही गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवतो. आन्सेल्मोला बायकोच्या, कामिलाच्या निष्ठेची खात्री करून घ्यायची असते, म्हणून तो जिवलग मित्र लोतारिओलाच तिच्या मागे लावतो. व्हायचं तेच होतं. डॉन किहोते या गोष्टीत नाहीच. तो पलीकडे झोपेत राक्षस समजून द्राक्षारसाचे कातडी बुधले फोडतो आणि शेवट जवळ आलेला असताना वाचन तुटतं. दोन्हींचा संबंध काही केल्या लागेना. ही गोष्ट इथे कशाला, ही वाचकांची तक्रार खुद्द सर्व्हांतेसनेच दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात नोंदवली आहे. ते वाचून जरा धीर आला, उत्तर मात्र मिळालं नाही.

ते मिळालं पहिल्या प्रकरणात. किहोते शिरस्त्राणाला पुठ्ठ्याची झडप करतो. आठवडाभराचं काम. टिकते का बघायला तलवार चालवतो, तर पहिल्याच घावात ती मोडते. मग आतून लोखंडी पट्ट्या लावून पुन्हा करतो आणि या वेळी घाव घालून बघतच नाही. उत्तम झाली असं मानून मोहिमेवर निघतो. आन्सेल्मोचं घर धड होतं, तरी तो त्यावर घाव घालून बघत राहिला. हे जुळलं तेव्हा मी वही घेऊन उठलेच. निबंध त्याच रात्री झाला.

निवेदकाचं सांगायचं राहिलं. आठव्या प्रकरणात तलवारी उगारलेल्या असतानाच कथा थांबते आणि नवव्यात निवेदकाला तोलेदोच्या बाजारात कथेचा पुढचा भाग असलेल्या, अरबीत लिहिलेल्या वह्या सापडतात. भाषांतराची मजुरी मनुके आणि गहू. कोण कुणाचं सांगतंय, ते वाचतानाच समासात लिहा. मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे अख्खा पहिला भाग परत चाळावा लागला.

ती प्रत परत करताना पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: यात 33, 34, 35 मधली गोष्ट नाही.