आजींचा ओला आवाज

दारात चप्पल काढत होते तोवर आतून आजींचं "बाई गं" ऐकू आलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. शब्द नेहमीचेच होते. उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांच्याकडे तेवढे दोनच शब्द उरले होते. पाणी हवं असलं तरी "बाई गं", खांदा दुखला तरी "बाई गं", नातू शाळेतून आला तरी "बाई गं". त्या दिवशी मात्र तो आवाज ओला होता, घशात पाणी असताना बोलावं तसा घुरघुरणारा.

मी कोरेगाव तालुक्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझे निम्म्याहून जास्त पेशंट अर्धांगवायूचे. या आजी ७१ वर्षांच्या, झटका येऊन पाच आठवडे झालेले. घरच्यांना माझ्याकडून एकच हवं होतं: आई कधी चालेल?

आत गेले तर सूनबाई त्यांना चहा पाजत होत्या. आजी उताण्या, डोक्याखाली एक चपटी उशी, हनुवटी वर. चमचा आत जाई, दोन-तीन चमच्यांनी बारीक खोकला येई, तो थांबला की पुढचा चमचा.

"असा ठसका रोज लागतो का?"

"व्हय ताई, पर लगेच थांबतो. सकाळपासनं जरा कणकण बी हाय. आज व्यायाम ऱ्हाऊ दे का?"

मी चमचा त्यांच्या हातातून घेतला आणि आजींना आधी टेकवून बसवलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन ९०, कमीच. श्वास मोजले, मिनिटाला २८, जास्तच. ताप फार नव्हता, पण म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया झाला तरी ताप चढतोच असं नाही. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. डावीकडे स्वच्छ. उजवीकडे अगदी तळाशी, कानाजवळ केसांची बट चोळावी तसा चरचर आवाज. उजवी श्वासनळी जास्त रुंद आणि सरळ खाली जाणारी असते, त्यामुळे चुकीच्या वाटेला गेलेला घास बहुतेक वेळा तिकडेच उतरतो. इथे चहा उतरत होता, कदाचित कित्येक दिवसांपासून.

१०८ ला फोन लावला. मुलगा उसाला पाणी द्यायला गेला होता, त्याला बोलावून घेतलं.

गाडी येईपर्यंत सूनबाईंकडून सगळं कळलं. दवाखान्यातून सोडताना नाकात नळी होती. दहाव्या दिवशी रात्री आजींनी ती ओढून काढली. "तोंडानं खात्यात की," असं म्हणून ती परत घातली गेली नाही, आणि त्यांना गिळता येतंय का हे कुणी तपासलं नाही. त्या मुलीचा यात काडीचा दोष नव्हता. पाच आठवड्यांत ती एक रात्र सलग झोपली नव्हती. मग मी काय केलं होतं? त्याआधी सहा वेळा मी त्या घरात जाऊन आले होते. गुडघा किती वाकतो, खांदा निखळतोय का, टाच टेकते का, सगळं वहीत लिहिलेलं. आजी काय खातात आणि कशा खातात, हे एकदाही विचारलं नव्हतं. ते मला आजही टोचतं.

झटका आला की हातापायासारखाच घसाही लुळा पडू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूच्या इजेतून वाचलेली कितीतरी माणसं अशा न्यूमोनियानं जातात, आणि घरात म्हणतात, वाऱ्याच्या दुखण्यानंच गेली.

गाडीत मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. किती दिवस?"

त्याला काय सांगावं? वय आणि पहिल्या झटक्याचा जोर, यांचं वजन सगळ्यांत जास्त, आणि ते आपल्या हातात नाही. झटका रक्तस्रावाचा असेल तर पहिला महिना फार जड जातो. आजींचा गुठळीचा होता, पण मोठा. कागदावर त्यांची बाजू पडती होती. तरीही मला तेव्हा आठवले ते शेजारच्या गावातले एक आजोबा. त्यांचा झटका इतका हलका की पंधरा दिवसांत पारावर जाऊन बसायला लागले. तीन महिन्यांनी बीपी मोजलं, नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली. गोळीमुळेच ते नॉर्मल होतं, हे त्यांच्या गळी उतरवायला मी कमी पडले. बिडीही परत सुरू झाली. अकराव्या महिन्यात पहाटे मोरीत पडले ते उठलेच नाहीत. झटक्यातून वाचलेल्या साधारण चौघांतल्या एकाला पाच वर्षांत दुसरा झटका येतो, आणि तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा महागात पडतो.

म्हणून मुलाला म्हटलं, "आज फुफ्फुस वाचवू. पुढचं बरंचसं तुमच्या घरात ठरणार आहे."

आजी अकरा दिवस ॲडमिट होत्या. तिथेच ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित सापडले. गुठळी तिथूनच सुटून मेंदूत गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. अशा माणसांत ही गोळी पुढच्या झटक्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशांनी कमी करते. हिरड्यांतून थोडं रक्त दिसलं तरी ती मनानं बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे मी मुलाकडून तीनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर पहिला आठवडा मी पायाला हातच लावला नाही. खाणं शिकवलं. पाठ ताठ, पाय जमिनीवर, हनुवटी किंचित छातीकडे. घास डाव्या, चांगल्या बाजूनं आणि अर्धा चमचाच. गिळल्याचं गळ्यावर बोट ठेवून बघायचं, मगच पुढचा. पातळ चहा आणि पाणी तूर्त बंद. त्याऐवजी दाट आंबील, घोटलेला मऊ भात. जेवण झालं की उजव्या गालात बोट फिरवायचं, कारण तिथे घास अडकून राहतो आणि त्यांना कळतही नाही. अर्धा तास आडवं करायचं नाही. दोन वेळा दात घासायचे, कारण घाण तोंडातली लाळ फुफ्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो. सूनबाईंनी हे इतकं नेमकं उचललं की महिन्याभरानं त्याच मला सांगायला लागल्या, "ताई, आज भात जरा सुटा झालाय, परत घोटते."

मधे दोन महिने आजींनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. तोंड भिंतीकडे. घरच्यांना तो हट्ट वाटला. झटक्यानंतर तिघांतल्या एकाला असं नैराश्य येतं आणि तेही माणसाला आतून संपवतं. गोळी लागली, आणि दुपारी कुणीतरी जवळ बसायचं असं घरानं ठरवलं. नातू अभ्यासाला तिथे बसू लागला.

याला आता सहा वर्षं झाली. आजी चार पायांच्या काठीनं ओट्यापर्यंत जातात, त्यापुढे नाही. शब्द वाढले नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मुलगा रोजच्या तारखेच्या चौकोनात बीपी लिहितो आणि गोळीची खूण करतो. जुनी कॅलेंडरंही त्यानं त्याच खिळ्याला अडकवून ठेवली आहेत.

परवा गेले तेव्हा त्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मी अजून गाडी स्टँडवर लावत होते. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "बाई गं!"

मी सवयीनं कान दिला. आवाज कोरडा होता, खणखणीत.