पानाच्या पाठीवरचं अंतर

गुरुवार, रात्री

फळछाटणीनंतरची पालवी चांगली फुटली आहे. दादा संध्याकाळी तासगावच्या द्राक्षबागेतून आला तो आभाळाकडे बघतच. "रात्रीत पाऊस झाला तर डाऊनी आलीच म्हणून समज," म्हणाला. डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणारा बुरशीसारखा रोग. माझ्यासाठी मात्र आठवणीनं पानं आणली होती.

द्राक्षाच्या पानाची रंध्रं, म्हणजे हवा आणि वाफ ये-जा करणारी बारीक छिद्रं, खालच्या बाजूला असतात. डाऊनीचे पोहणारे बीजाणू पान ओलं असलं की पाण्यातून तिथंच पोचतात आणि त्याच वाटेनं आत शिरतात. औषध पानाच्या खालून बसलं पाहिजे, हे दादाला कुणी सांगावं लागत नाही. या वाटा मुळात तयार कशा होतात, हे मी वर्गात शिकवते आणि दरवर्षी त्यात तितकीच गुंतते.

पानामागं नेलपॉलिशचा पातळ थर दिला, वाळल्यावर सेलोटेपनं उचलून काचपट्टीवर लावला. सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं कशीही विखुरलेली वाटतात. पण नीट बघितलं की कळतं, एक रंध्र दुसऱ्याला सहसा चिकटत नाही. मध्ये निदान एक साधी पेशी असतेच.

हे कसं घडतं ते मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपावर उलगडलं. कोवळ्या पानाच्या त्वचेतली एक पेशी असमान विभागते, एक लहान आणि एक मोठी. लहान पेशी आणखी एक-दोनदा तशीच विभागते आणि दर वेळी शेजारी एक साधी पेशी सोडते. मग ती गोलसर होते आणि शेवटी एकदाच, बरोबर मधोमध दुभंगते. त्या दोन रक्षक पेशी, आणि त्यांच्यामधली फट म्हणजे रंध्र. स्पीचलेस, म्यूट आणि फामा ही तीन जनुकं एकामागून एक हे टप्पे पार पाडतात. 2006-07 मध्ये त्यांची कामं स्पष्ट झाली. स्पीचलेस बंद पडलं तर पानावर एकही रंध्र येत नाही. फामा नसेल तर शेवटची पेशी थांबतच नाही, बारीक पेशींच्या नुसत्या थप्प्या लागतात.

आणि अंतर? होऊ घातलेलं रंध्र ईपीएफ नावाची छोटी प्रथिनं बाहेर सोडतं आणि शेजारणीला रंध्र होण्यापासून थांबवतं. पानाच्या आतल्या थरातून येणारं स्टोमाजेन मात्र रंध्रं वाढवायला लावतं. या ओढाताणीतून नक्षी ठरते. वरून आखून देणारं कुणी नाही, हे मला फार मोठं वाटतं. अंतर लागतंही, कारण उघडझाप करताना रक्षक पेशी पोटॅशियम आणि पाण्याची देवघेव शेजारच्या पेशींशी करतात.

आपल्या उसात वेगळंच. तिथं रंध्रं रांगेत, रक्षक पेशी डंबेलसारख्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस पेशी.

रंध्रांची संख्या पान कोवळं असतानाच ठरते, पुढं फक्त उघडझाप. शिवाय जुनी पानं उजेड आणि कार्बन डायऑक्साईडची खबर नव्या पानांना पोचवतात. वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी 1987 मध्ये वनस्पतिसंग्रहातली जुनी पानं तपासली, तेव्हा समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांवरची रंध्रांची दाटी, हवेतला कार्बन डायऑक्साईड वाढत गेला त्या दोनशे वर्षांत, सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली.

कॉलेजच्या कपाटातही जुनी वाळवलेली पानं आहेत. त्यांतली आंबा आणि वडाची काढून मुलांकडून ताज्या पानांशी ताडून बघायची आहेत. नेलपॉलिश मात्र जुन्या पानांना लगेच लावायचं नाही, आधी एखाद्या फाटक्या तुकड्यावर करून बघू.