ब्लॅडरचा एमआरआय, खरवडायच्या आधी

धंतोलीत एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, त्यामुळे एक प्रश्न नेहमीचा, 'भाऊ, यात कॅन्सर आहे का नाही ते समजते ना?' युरिन ब्लॅडरचं, म्हणजे लघवीच्या पिशवीचं म्हणाल तर पक्कं ते बायोप्सीच सांगते. चपटा, वरवर पसरलेला कॅन्सर एमआरआयमधे हुकूही शकतो, त्याला दुर्बीणच लागते. मग एमआरआय कशाला, तर गाठ पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूत शिरली का नाही हे बघायला, कारण पुढची सगळी ट्रीटमेंट त्यावर ठरते. वरवर असेल तर दुर्बिणीतून खरवडतात आणि गरज पडली तर पिशवीत बीसीजी सोडतात (हो, तीच टीबीची लस), पण स्नायूत गेली असेल तर केमो, पिशवीच काढायचं ऑपरेशन, नाहीतर केमोसोबत रेडिएशन.

म्हणून माझं म्हणणं, डॉक्टरांना विचारा की टीयूआरबीटीच्या, म्हणजे त्या खरवडण्याच्या, आधी एमआरआय करता येईल का. एकदा खरवडलं की तिथे सूज येते, मग फोटोत गाठ कोणती न् जखम कोणती कळत नाही, निदान दोन आठवडे तरी थांबावं लागतं. इंग्लंडात ब्लॅडरपाथ नावाची ट्रायल झाली, त्यात स्नायूत गेलेल्या पेशंटला योग्य ट्रीटमेंट मिळायला आधी ९८ दिवस लागत होते, एमआरआय आधी केल्यावर ५३. आपल्याकडे तर उशीर घरातूनच सुरू होतो. मे महिन्यात लघवी लाल झाली की 'उन्हाळी लागली असंल बाप्पा' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू, आणि दुखत नाही म्हणून बिडीवाले काका दिवाळीपर्यंत काढतात. न दुखता रक्त जाणं हेच तर या रोगाचं मेन लक्षण आहे.

स्क्रीनवर बघायला मात्र भारी असतं. टी-टू नावाच्या फोटोत भिंतीचा स्नायू काळ्या रेघेसारखा दिसतो, रेघ अखंड असली की जरा बरं वाटतं. डिफ्युजन नावाच्या दुसऱ्या फोटोत गाठ पांढरी चमकते आणि कधीकधी तिच्याखाली काळा देठ दिसतो, तो दिसला की गाठ बहुतेक वरवरच आहे. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला फोटो, त्यासाठी क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) रिपोर्ट आणा. या तिन्हीवरून रेडिओलॉजिस्ट १ ते ५ मधे स्कोअर देतात, व्हाय-रॅड्स, २०१८ पासून आहे हे. १-२ म्हणजे स्नायूत गेल्याची शक्यता कमी, ४-५ म्हणजे जास्त, आणि ३ आला की सगळेच डोकं खाजवतात.

आता आमची खरी डोकेदुखी. करदोटा, ताईत, सेफ्टी पिन सगळं काढून होतं, पण पिशवी थोडी भरलेली लागते, रिकामी असली की भिंत चुरगळते आणि उगाच जाड दिसते, आणि ठासून भरली तर पेशंट हलतो. अर्धा तास आधी पाणी पाजून बसवावं आणि नेमका नंबर आला की घरचे मोठ्या प्रेमाने म्हणतात, 'बाबा, आत जायच्या आधी बाथरूमला जाऊन या, आत लई वेळ लागते.' बाबा जाऊन येतात. मग पुन्हा पाण्याची बाटली, पुन्हा वेटिंग, आणि मागचा गुडघ्यावाला पेशंट आधी आत.