त्रिनिदादचा कार्निवल: मंगळवारवर पैसे घालू नका

आधीच सांगून टाकते. पिसांचा मुकुट घालून कार्निवलच्या मंगळवारी त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर नाचायचं म्हणून कुणी लाखभर रुपये बाजूला काढले असतील, तर ते बाजूलाच राहू द्या. तेवढ्यात त्रिनिदादला आणखी दोन आठवडे आरामात राहता येतं. मला हे कुणी सांगितलं नाही. टोरांटोची मावसबहीण आणि तिच्या ऑफिसातली एक त्रिनिदादी मैत्रीण, दोघींनी व्हिडिओ पाठवून पाठवून डोकं फिरवलं होतं. मास खेळायचा नसेल तर एवढ्या लांब जातेस कशाला, हे पालुपद. मास खेळायचा म्हणजे एखाद्या बँडचा पोशाख विकत घ्यायचा आणि त्यांच्या गाण्याच्या ट्रकमागून सोमवार-मंगळवार शहरभर नाचत फिरायचं. एकेका मोठ्या बँडमध्ये काही हजार माणसं असतात.

पोशाखाचे भाव अमेरिकी डॉलरात. पाचशे-सहाशेपासून सुरू होतात आणि हजाराच्या पुढे सहज जातात. बॅकलाइन स्वस्त, फ्रंटलाइन महाग. फ्रंटलाइन म्हणजे पिसं जास्त, मणी जास्त, कापड कमी. सोमवारी हा पोशाख फारसं कुणी घालत नाही, त्या दिवसाचे कपडे वेगळे आणि त्यांचे पैसेही वेगळे. 'सगळं समाविष्ट' असं जे म्हणतात त्यात दारू, जेवण, सुरक्षारक्षक आणि शौचालयाचा ट्रक येतो. बूट येत नाहीत. माझा खोका आणायला गेले तर रांग गल्लीच्या टोकापर्यंत, आणि खोक्यात एका हाताचं कडं नाही. 'परवा या.' परवा गेले तर ती खिडकीच बंद. मुकुटाच्या पट्टीला आतून अस्तर नव्हतं, नुसती तार, तिचा वळ कपाळावर पुढे कितीतरी दिवस होता. तेव्हा खोका तिथेच उघडा आणि एकेक वस्तू यादीशी ताडून घ्या, मागचे कितीही ओरडोत.

आता तो मंगळवार. अकरा वाजेपर्यंत मजा आली, खोटं कशाला बोलू? मग आम्ही सवानाच्या दिशेने वळलो आणि संपलं.

क्वीन्स पार्क सवाना हे शहरातलं प्रचंड मैदान. तिथे मंच असतो, परीक्षक असतात, टीव्हीचे कॅमेरे असतात. बहुतेक बँडना तो मंच ओलांडायचा असतो आणि मंच एकच आहे. त्यात रोड मार्चची भानगड: परीक्षकांच्या ठिकाणांवरून जाताना जे गाणं सर्वांत जास्त वेळा वाजेल, त्याला त्या वर्षीचा रोड मार्चचा किताब. त्यामुळे मंचावर पोहोचलेला बँड तेच गाणं लावतो, संपलं की परत लावतो, आणि जागचा हलत नाही. लक्ष्मी रोडवर पुढची मंडळं चौकात अडून बसली की मागच्यांची जी गत होते तीच इथे, फक्त पाठीवर पिसांचा सांगाडा आणि अंगाला टोचणारे मणी.

मेमोरियल पार्कच्या बाजूला आम्ही तीन तासांच्या वर उभ्या होतो. पलीकडे झाडं आहेत, सावली आहे, पण आपण दोरखंडाच्या आत. पैसे न भरलेल्यांनी घुसू नये म्हणून रक्षक बँडभोवती दोर धरून चालतात. दोर ओलांडून सावलीत गेलं की परत येताना मनगटावरचा पट्टा दाखवून हुज्जत घाला. खाली तापलेलं डांबर, बाजूला ट्रकच्या जनरेटरचा धूर, आणि स्पीकर इतका जवळ की बोलणं खुणांनीच. रम हवी तेवढी होती. पाणी एकच्या सुमाराला संपलं. शेजारच्या मुलीला भोवळ आली तेव्हा तिच्या डोक्यावर बर्फ ठेवायला आला तो पेयांच्या ट्रकवरचा पोऱ्या, बँडचा कुणी जबाबदार माणूस नाही. नंतर त्यांना लिहिलं तर उत्तरात पुढच्या वर्षीच्या नोंदणीची जाहिरात.

आणि मंच? पाच-सात मिनिटं. समोर ग्रँड स्टँड, सगळे वेडे होतात, मीही झाले, ओरडून आवाज बसला. ती पाच मिनिटं जबरदस्त आहेत. पण ती तुम्ही एका भाजणाऱ्या अख्ख्या दुपारच्या आणि लाखाच्या भावाने घेता.

तरीही जायचंच असेल तर छोटा बँड बघा, किंवा जुन्या पद्धतीचा मास. खलाशाचा वेश वगैरे. अंग झाकलेलं असतं, पैसे कमी, माणसं वयाने थोडी मोठी आणि जास्त गमतीची. बूट महिनाभर आधीपासून घालून मऊ करा. मांड्यांना व्हॅसलीन. कमरेला स्वतःची पाण्याची बाटली, तीत इलेक्ट्रॉल. नुसतं बघायचं असेल तर वुडब्रुकमध्ये आरिआपिटा ॲव्हेन्यूच्या कडेला उभे राहा. बहुतेक बँड तिथून जातात, खर्च शून्य, मागे खाण्याच्या गाड्या.

पैसे घालायचेच तर जूवेवर घाला. सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला सुरू होतो. चिखल, रंग, कुठे कुठे चॉकलेट, अंधारात सगळे एकाच रंगाचे. खर्च मंगळवारच्या तुलनेत किरकोळ. निघण्यापूर्वी केसांपासून पायापर्यंत खोबरेल तेल थापा, फेकून देता येतील असे कपडे घाला, फोन खोलीवरच ठेवा. माती आंघोळीला निघते. निळा रंग कानामागे आठवडाभर राहतो. उजाडल्यावर सगळे रस्त्याकडेला फतकल मारून डबल्स खात असतात. 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये चण्याची पातळ उसळ, वर चिंच आणि तिखट. 'स्लाइट' म्हणालात तरच थोडं तिखट घालतात. मी म्हटलं आपण कोल्हापूरची सून, घालू दे. नका म्हणू.

जूवेइतकीच मोलाची गोष्ट शुक्रवारची, पहाटे, आणि फुकट: पिकॅडिली स्ट्रीटवर कॅनबुलेचं नाट्य. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पुरते सुटलेल्या लोकांनी फ्रेंच मळेवाल्यांचा मुखवट्यांचा सण रस्त्यावर आणला, मशाली आणि लाठ्या घेऊन. १८८१ मध्ये कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी तो मोडायचा प्रयत्न केला आणि लोकांनी मार दिला. पुढे ढोलांवर बंदी आली, म्हणून बांबू आपटायला लागले. मग १९३० च्या दशकात पत्र्याचे डबे, आणि त्यातून तेलाच्या पिंपांचा स्टीलपॅन. त्या पहाटे लाठीवाल्यांची गाणी ऐकली की मंगळवारच्या पिसांमागे काय आहे ते कळतं. आणि मंगळवारी ते किती थोडं उरलंय तेही.

पॅनोरमा, म्हणजे स्टीलबँडांची स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे. अंतिम फेरी शनिवारी रात्री. तिकीट मिळालं नाही तर हळहळू नका. त्याआधीचे दोन-तीन आठवडे रोज रात्री पॅनयार्डात, म्हणजे स्टीलबँडाच्या सरावाच्या अंगणात, सराव चालतो, कुणीही जाऊन बसावं. मोठ्या स्टीलबँडात शंभराच्या वर वादक, आणि एखादी चूक काढण्यासाठी चार ओळी तासभर घोटतात. मला तेच जास्त आवडलं.

टॅक्सी. इथे मला चुना लागला तो शब्दशः एका शब्दाने. पॅनोरमानंतर मध्यरात्री एकाने सांगितलं, 'फॉर्टी डॉलर्स.' मी टीटी, म्हणजे त्रिनिदादचे डॉलर, समजले. उतरताना तो म्हणाला, यूएस. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी मिळतात, म्हणजे फरक केवढा ते बघा. रात्रीची वेळ, अनोळखी गल्ली, दिले. बसायच्या आधी 'टीटी?' एवढं विचारायचं आणि हो म्हणवून घ्यायचं. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते, 'पी' असेल तर ती खासगी गाडी, बसू नका. दिवसा मॅक्सी टॅक्सी उत्तम. पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो, पूर्वेला जाणाऱ्यांचा लाल, चग्वानास-सॅन फर्नांडोकडच्यांचा हिरवा.

मंगळवारी मध्यरात्री गाणी थांबतात. बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या पहिल्या दिवशी, सकाळी मी भाकरीचा तुकडा शोधायला बाहेर पडले तर रस्ते झाडून लख्ख, आणि काल ट्रकवर ओरडणाऱ्या बायका कपाळाला राख लावून चर्चमधून परतत होत्या. बाकीचं शहर मराकासच्या समुद्रावर. त्या दिवशी मराकासला जाऊ नका, नॉर्थ कोस्ट रोडवर गाड्यांची रांग लागते. गुरुवारी जा. बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावात शार्क मासा, खा, गर्दी नाही, घाई नाही.

इथून पुढे मला त्रिनिदाद आवडायला लागलं. कार्निवलच्या आठवड्यात ठरावीक रात्रींचं पॅकेज घ्यायला लावणारी हॉटेलं आता भाव कमी करतात. रेडिओवर सोका, म्हणजे कार्निवलची नाचायची गाणी, अचानक कमी होतो. लोक दमलेले, थोडे उदास, त्या उदासीला ते टबॅन्का म्हणतात, पण बोलायला मोकळे. माझी घरमालकीण हंगामात एका बँडसाठी शिवायची. बुधवारनंतर तिच्या जेवणाच्या टेबलावर गोंदाची बंदूक, मण्यांच्या पट्ट्या आणि टर्कीची रंगवलेली पिसं तशीच पडलेली. एका पिशवीत तिने ती उरलेली पिसं रंगांप्रमाणे वेगळी करायला घेतली, मी बसले मदतीला. दांडा मोडलेलं एका बाजूला, चांगलं दुसऱ्या. पुढच्या आठवड्यापासून शाळेचे गणवेश, म्हणाली. आता बहुतेक पोशाख चीनमधून तयार येतात, इथे फक्त जोडायचे. तार वाकवून दहा फुटांचा पक्षी करणारे म्हातारे कारागीर होते, त्यांची मुलं दुसरीकडे लागली. पीटर मिन्शलसारखा मासचे पोशाख घडवणारा कलावंत इथून उठून बार्सिलोना आणि अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनापर्यंत गेला, आणि आज रस्त्यावर बघावं तर बिकिनी आणि पिसं. हे ती म्हणाली. मलाही तसंच वाटतं. २०२१ आणि २०२२ मध्ये महामारीमुळे रस्त्यावरचा कार्निवल झालाच नाही, तेव्हा ती दोन वर्षं तिने फक्त मास्क शिवले.

बाकी दिवस भराभर सांगते. टोबॅगो छान आहे, कुणीही सांगेल. कारोनीच्या दलदलीत संध्याकाळी लाल आयबिस पक्षी परततात, नावेत पुढची जागा धरा. वॉटरलूला समुद्रातलं देऊळ. सिवदास साधूंनी आधी साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलं, ते पाडलं गेलं, त्यांना तुरुंगही झाला, तेव्हा गड्याने भर घालत समुद्रातच बांधायला घेतलं. जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेय केंद्रात ८५ फुटी मारुती. इथले भारतीय १८४५ पासून कलकत्त्याहून आलेल्या गिरमिट्यांचे, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचे, वंशज, बहुतेक भोजपुरी मुलखातले. आपल्याला मराठी म्हटलं की त्यांना काही बोध होत नाही. मुंबई म्हटलं की एकच नाव: गावस्कर.

त्यासाठी ट्रॅगरेट रोडवरच्या क्वीन्स पार्क ओव्हलला जाऊन या. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथे. सरदेसाईंचं शतक, गावस्करांचं पदार्पण. कसोटी ६ मार्चला सुरू झाली, कार्निवल २३ फेब्रुवारीलाच संपला होता, म्हणजे सगळं शहर टबॅन्कात असताना. इथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावस्करांवर कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादी धाटणीचं गाणं, रचला, तो फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला अजून पाठ आहे. मी पुण्याची म्हटल्यावर त्याने तो पूर्ण म्हणून दाखवला, आणि मगच आत सोडलं.

निघण्याआधीची कामं. यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. त्रिनिदादहून भारतात उतरताना ते कार्ड नसेल तर विलगीकरणात टाकू शकतात. ट्रेकला घालतो ती लष्करी छपाईची पँट नेऊ नका, तिथे नागरिकांनी तसे कपडे घालणं गुन्हा आहे. अमेरिकेवरून विमान असेल तर नुसतं बदलायलाही व्हिसा लागतो.

तारखा ईस्टरवर ठरतात. २०२७ मध्ये कार्निवल ८ आणि ९ फेब्रुवारीला, २०२८ मध्ये २८ आणि २९ फेब्रुवारीला. मला विचाराल तर २०२८. १ मार्चला राखेचा बुधवार, आणि मार्चपासूनच ग्रँड रिव्हिएरला लेदरबॅक कासवं अंडी घालायला येऊ लागतात. परवाना घ्यावा लागतो, वाटाड्या बरोबर असतो, टॉर्चला लाल कागद लावा. मुक्काम तिथेच करा. रात्री परतायचा रस्ता वळणांचा आहे आणि टॅक्सीवाला यूएस डॉलरच मागेल.