तेल किती थंड ठेवावे: रबाळ्यातील आमच्या वर्कशॉपची वाटचाल

रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात पूर्वी मोटारगाड्यांचे काम होत नव्हते. वडिलांनी दोन लेथ घेऊन तेलाच्या दाबावर यंत्रे चालवणाऱ्या हायड्रॉलिक पॉवर पॅकची फिटिंग्ज तयार करायला सुरुवात केली होती आणि एखाद्या प्रेसचे तेल फार तापू लागले की तिला कूलर, म्हणजे तेल थंड करणारे उपकरण, बसवून देणे, एवढाच तेलाच्या तापमानाशी आमचा संबंध होता. मोटारींकडे आम्ही वळलो ते ऐरोलीच्या एका ग्राहकामुळे. आपल्या टर्बो पेट्रोल गाडीचे ट्यूनिंग करून घेऊन ते चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या 3.717 किलोमीटरच्या ट्रॅकवर जात असत, आणि चार-पाच वेगवान फेऱ्यांनंतर इंजिनातील तेलाचे तापमान 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन गाडी आपोआप ताकद कमी करत असे; डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मात्र मध्यावरून हलत नसे.

या काट्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आजही बहुतेक ग्राहक त्याच्या भरवशावर असतात. अनेक गाड्यांत पाण्याचे तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात बदलले तरी काटा मध्यावरच ठेवण्याची योजना केलेली असते, आणि तेलाची उष्णता तर वेगळ्याच ठिकाणांहून येते: बेअरिंगमधील घर्षण, पिस्टनच्या बुडाशी उडणारे तेलाचे फवारे आणि टर्बोच्या शाफ्टभोवतालचा अतितप्त भाग. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन सुमारे दुप्पट वेगाने होते, असा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. त्याशिवाय तेल पातळ होते, बेअरिंगमधील त्याचा थर झिरझिरीत होतो आणि दाब उतरतो. ट्रॅकवर 110 ते 125 अंश चांगल्या सिंथेटिक तेलाला सहज पेलवतात. 130 च्या वर ते दीर्घकाळ राहू लागले, तर उपाय करावाच लागतो.

आम्ही केलेला पहिला उपाय चुकीचा होता, हे येथे स्पष्टपणे नोंदवतो. हायड्रॉलिकच्या सवयीने आम्ही मिळेल तेवढा मोठा कूलर घेतला आणि रेडिएटरच्या अगदी पुढे बसवला. तेलाचे तापमान उतरले, पण कूलरमधून गरम होऊन निघालेली हवा रेडिएटरला मिळू लागल्याने पाणी तापू लागले, आणि मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या सिग्नलला एसीही नीट थंड करेना. त्याहून गंभीर बाब पावसाळ्यात लक्षात आली. ऐरोली ते घणसोली एवढ्याच रोजच्या फेऱ्यांत त्या गाडीचे तेल 70 अंशांच्या वर जातच नव्हते. इंजिनात साचणारी पाण्याची वाफ आणि तेलात मिसळणारे पेट्रोल उडून जाण्यासाठी तेल पुरेसे तापावे लागते. ते न तापल्याने ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर जमला होता. ते झाकण हातात घेतल्यावर आम्हाला उमगले की तेल थंड करण्याआधी ते तापू द्यावे लागते.

तेव्हापासून थर्मोस्टॅट नसलेली सँडविच प्लेट आम्ही बसवत नाही. इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणाऱ्या या प्लेटमधील झडप साधारण 80 अंशांनंतर उघडू लागते. तोपर्यंत थोडेसेच तेल कूलरमधून फिरत राहते, ज्यामुळे झडप उघडताच थंड तेलाचा एकदम लोंढा इंजिनात येत नाही.

कूलरच्या आकारापेक्षा त्याच्या आरपार किती हवा जाते यावर आता आमचे अधिक श्रम खर्च होतात. हवा नेहमी सोपी वाट शोधते, आणि कोअरच्या, म्हणजे कूलरच्या जाळीच्या गाभ्याच्या, बाजूंना बोटभर फट राहिली तरी ती जाळीत न शिरता तेथूनच निघून जाते. म्हणून आम्ही कूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे बसवतो, बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंत हळूहळू रुंदावत जाणारी ॲल्युमिनियमची डक्ट तयार करतो, कडांना फोमची पट्टी लावतो आणि मागची गरम हवा बाहेर पडावी म्हणून चाकाच्या लायनरमध्ये जाळीची वाट ठेवतो. ही शेवटची वाट नसेल, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. ऐरोलीच्या त्या गाडीला पूर्वीपेक्षा बराच लहान कूलर या पद्धतीने बसवला, तेव्हा त्याच ट्रॅकवर तेल 120 अंशांच्या आसपास स्थिरावले.

होज आणि फिटिंग्ज ही आमची मूळ विद्या असल्याने तेथे फारशी अडचण आली नाही. प्रत्येक जोड गाडीवर चढवण्यापूर्वी दाब देऊन तपासला जातो, आणि नवीन कोअर व होज भरण्यासाठी लागणारे जादा तेल मोजूनच घातले जाते.

एका कामाची खंत मात्र अजून आहे. बेअरिंग जाऊन बंद पडलेल्या इंजिनाचा कूलर एका ग्राहकाने नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी आणला, आणि तो महागडा असल्याने आम्ही सॉल्व्हंटने वारंवार धुऊन बसवून दिला. कोअरच्या अरुंद वाटांमध्ये अडकलेले धातूचे कण धुण्याने निघत नाहीत; गरम तेलाबरोबर ते सुटले आणि नव्या बेअरिंगवर चरे पडले. त्या दुरुस्तीचा खर्च आम्ही उचलला. आता अशा इंजिनाचा जुना कोअर, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी, आम्ही बसवत नाही, आणि कूलर बसवलेल्या प्रत्येक गाडीच्या पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी जुना फिल्टर कापून, त्याचा कागद टेबलावर पसरून, ग्राहकासमोरच उजेडात पाहतो.