राइट बंधूंचं स्मारक: टेकडी नंतर, आधी दगड

नॉर्थ कॅरोलिनात किल डेव्हिल हिल्स इथे हे स्मारक आहे. लातूर-नांदेडची पोरं आता अमेरिकेत असतात, आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहतात, म्हणून हे सविस्तर. आत गेलं की ९० फूट उंच टेकडीवरचा ६० फुटी ग्रॅनाइटचा मनोरा दिसतो आणि सगळे तिकडेच चढतात. विमान टेकडीवरून उडालं असा समज घेऊन परततात. टेकडी होती ग्लायडरच्या सरावाची. १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडालं ते खालच्या सपाट वाळूवरून, ६० फुटी रुळावरून.

सुरुवातीच्या जागी मोठा दगड आहे, पुढे चार खुणेचे दगड. पहिला १२० फुटांवर, १२ सेकंदांचा. मग १७५ आणि २०० फूट. चौथा थेट ८५२ फुटांवर, ५९ सेकंदांचा. तिथपर्यंत चालत जाच. पहिली तीन उड्डाणं आखूड का, तर उंची सांभाळणारं पुढचं पातं स्वतःच्याच मध्याच्या फार जवळ टेकवलं होतं. जरा हलवलं की ते आपणहून जास्त वळायचं आणि विमान वरखाली हेलकावे खात जमिनीला टेकायचं. चौथ्या खेपेला थोरल्या भावाचा, विल्बरचा हात बसला. त्यानंतर वाऱ्याने उभं विमान उलटवलं, त्या वर्षीची उड्डाणं तिथेच संपली. मूळ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, इथे आहे ती प्रतिकृती.

ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखावं: ३६.६, ५३.३ आणि ६१ मीटर. चौथ्याला २५९.७ मीटर लागतात, त्यासाठी सरळ पांदण बघा. चारही अंतरं एकाच सुरुवातीपासून मोजायची. मागच्या खुणेपासून पुढे मोजलं की सगळंच चुकतं. सुतळी ताणली की लांबते, टेपच घ्या.

मग घड्याळ लावून १२ सेकंदांत पहिलं अंतर पळायला सांगा. चौथीतलं लेकरूही सहज पोचतं. पहिल्या उड्डाणाला धाकटा ऑर्व्हिल विमानात होता, विल्बर पंख धरून शेजारून पळू शकला तो यामुळेच. समोरून ताशी चाळीसेक किलोमीटरचा वारा होता. १२ अश्वशक्तीच्या इंजिनाचा बराच जोर तो कापण्यातच गेला. हवेतला वेग मोठा होता, जमिनीवरून मोजलेला तेवढा कमी भरला.