कोकणात न पिकणारे, तरी कोकणाचेच झालेले जिरे

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी सोलकढीसाठी आई पाट्यावर लसूण, मिरची आणि चिमूटभर जिरे वाटते, आणि ते वाटण नारळाच्या दुधात व कोकमाच्या आगळात मिसळताच जो वास उठतो, त्याच्याशिवाय मला सोलकढी अपुरी वाटते. खरे तर जिऱ्याला रब्बीतली कोरडी, थंड हवा लागते, म्हणून ते गुजरात-राजस्थानात पिकते आणि गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून आपल्यापर्यंत येते.

आयुर्वेद जिऱ्याला दीपन-पाचन, म्हणजे भूक वाढवणारे आणि अन्न पचवणारे मानतो. पोट जड झाले की आजी जिरे मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत कोरडेच भाजायची, जाडसर कुटायची आणि सैंधव घालून ताकातून द्यायची. करपलेले जिरे कडवट होते, म्हणून ती चुलीसमोरून हलत नसे. दुखणे थांबलेच नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जावे, हे तीही मानत असे.

पावसाळ्यात आमच्याकडे जिऱ्याची पूड लवकर सादळते आणि तिचा वास उडतो, त्यामुळे अख्खे जिरेच घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि लागेल तेवढेच भाजून कुटावे, असे मी आग्रहाने सांगेन.